डोक्याला पटतं, मनाला पटत नाही: नोकरीतल्या धक्क्यानंतर ‘मी नालायक आहे’ हा समज कसा तपासायचा

तुमचा प्रश्न मला जसा समजला तसा आधी मांडते. एकाच कंपनीत अकरा वर्षं काम, त्यातली शेवटची तीन टीम लीड म्हणून. एक मोठा प्रोजेक्ट रखडला, टीम तुमच्याकडून काढून घेतली गेली आणि पुढच्या अप्रेझलनंतर ‘स्वतःहून राजीनामा दिलात तर बरं’ असं सुचवण्यात आलं. त्याला पाच महिने झाले. तुम्ही सीबीटीबद्दल (कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी, म्हणजे विचार आणि वागणं तपासून बदलण्याची उपचारपद्धत) वाचलंत, विचारांच्या नोंदीचे तक्ते भरलेत, ‘मी नालायक आहे’ या विचाराविरुद्धचे पुरावे लिहून काढलेत. ते डोक्याला पटतात, मनाला पटत नाहीत. नोकरीसाठी फोन येतात ते उचलवत नाहीत. आणि शेवटी तुम्ही विचारलंय: ‘माझ्या चुका खरंच झाल्या होत्या. मग हा विचार चुकीचा आहे असं स्वतःला सांगणं म्हणजे फसवणूक नाही का?’

या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बाकीचं सगळं त्यावर उभं आहे. हो, झालेल्या चुका झाल्याच नाहीत असं स्वतःला पटवणं ही फसवणूकच आहे. कॉग्निटिव्ह थेरपी तसं करायला सांगतही नाही. ‘प्रोजेक्ट अडकलाय हे मी वरिष्ठांना वेळेत कळवलं नाही’ हे विधान आहे. ते खरं की खोटं हे तपासता येतं, आणि खरं निघालं तर त्यावर काही करता येतं. ‘मी नालायक आहे’ हा निकाल आहे. तो तपासायची सोयच त्या वाक्यात नाही. तुमच्या मनात पहिल्याचे पुरावे दुसऱ्याच्या खात्यावर जमा होत चाललेत, आणि तुम्ही वाद मात्र दुसऱ्याशी घालताय. तो वाद तुम्ही जिंकत नाही याचं मला नवल वाटत नाही.

आता तुमच्या प्रश्नात नसलेल्या, पण उत्तर बदलू शकतील अशा गोष्टी. झोप आणि भूक बिघडणं, लक्ष न लागणं, कशातच रस न वाटणं हे दोन आठवड्यांहून जास्त काळ, जवळजवळ रोज, दिवसाचा बराचसा वेळ चालू असेल तर ते नैराश्य असू शकतं. मग सायकियाट्रिस्टला, निदान फॅमिली डॉक्टरला तरी दाखवायला हवं. थायरॉइडचा त्रासही कधी कधी याच रूपात समोर येतो, त्यामुळे शरीराची तपासणी टाळू नका. जगण्यात अर्थ नाही किंवा मरून जावं असे विचार येत असतील तर पुढचं वाचू नका. आजच जवळच्या माणसाला सांगा आणि डॉक्टरकडे किंवा हॉस्पिटलमध्ये जा. तक्ते नंतर करता येतील. तुम्हाला बाहेर काढण्यामागे भेदभाव किंवा छळ असेल, तर त्याचा राग येणं ही काही विचारातली चूक नव्हे, तिथे कायद्याचा सल्ला आधी घ्यावा. आणि शिल्लक संपत आली असेल तर भविष्याची काळजी वाटणं अगदी रास्त आहे. थेरपीने ती काळजी घालवायची नसते. तिच्यामुळे हातपाय गळू नयेत एवढंच बघायचं असतं.

सीबीटीची ही पद्धत कुठून आली ते थोडं सांगते, कारण तुमचा तक्ता का अडतो त्याचं कारण तिथे सापडतं. ॲरन बेक हे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले सायकियाट्रिस्ट, मूळचे मनोविश्लेषणाच्या तालमीतले. १९६० च्या दशकात नैराश्याच्या रुग्णांबरोबर काम करताना त्यांच्या लक्षात आलं की रुग्ण जे बोलतो त्याच्या जोडीने त्याच्या मनात आणखी एक झरझर वाहणारा विचारांचा ओघ असतो. हे विचार छोटे, तुटक आणि आपोआप येणारे असतात, आणि माणूस त्यांना विचार न समजता वस्तुस्थितीच समजतो. नैराश्यात त्यांचा रोख तीन ठिकाणी असतो: स्वतःवर, आसपासच्या जगावर आणि भविष्यावर. बेक यांच्या थोडं आधी, १९५० च्या दशकात, अल्बर्ट एलिस यांनी मराठीत विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणून ओळखली जाणारी पद्धत मांडली होती. एलिस समोरच्याच्या ‘हे झालंच पाहिजे’ अशा हट्टाला थेट भिडत. मला स्वतःला, जो माणूस आधीच स्वतःला झोडपतोय त्याच्यासाठी, बेक यांची प्रश्न विचारत जाण्याची रीत जास्त मानवते. ज्याला उठताबसता मनातून ओरडा बसतोय त्याला बाहेरून आणखी एक खंबीर आवाज कशाला?

बेक यांच्या मांडणीत विचारांचे तीन थर आहेत. सगळ्यात वर आपोआप येणारे विचार. तुमचा फोन वाजतो आणि मनात येतं, ‘आधीची नोकरी का सोडली ते विचारतील आणि मी अडखळेन.’ त्याखाली नियम, बहुतेकदा ‘जर-तर’च्या भाषेतले: ‘लीडकडून चूक झाली तर तो लीड कसला?’ आणि तळाशी मूळ धारणा, जिला ‘जर’ही नसतं आणि ‘तर’ही नसतं: ‘मी नालायक.’ विचारांच्या नोंदीचा तक्ता पहिल्या थरासाठी बनवलेला आहे. एका ठरावीक क्षणी, एका ठरावीक प्रसंगात मनात काय चमकलं ते पकडण्यासाठी. तुम्ही मात्र विचाराच्या रकान्यात थेट तळाची धारणा लिहिलीत. आपला आपण तक्ता भरणाऱ्या बहुतेकांचं हेच होतं, कारण सगळ्यात जास्त टोचणारं वाक्य तेच असतं.

धारणेवर पुराव्यांचा मारा का चालत नाही? मानसशास्त्रज्ञ क्रिस्टीन पडेस्की यांनी याचं फार नेमकं वर्णन केलंय. मूळ धारणा म्हणजे माणसाचा स्वतःबद्दलचा पूर्वग्रह, असं त्या म्हणतात. एखाद्या समाजाबद्दल ज्याच्या मनात आकस आहे त्याला त्या समाजातला भला माणूस दाखवून बघा. तो म्हणेल, ‘हा अपवाद आहे’, किंवा ‘दाखवायला चांगला वागतोय’, किंवा त्याच्या ते लक्षातच येणार नाही. तुमचे ‘विरुद्ध पुरावे’ याच वाटेने गेलेत. आठ वर्षं चांगली अप्रेझल्स मिळाली, तर ‘तेव्हा काम सोपं होतं’. जुनी सहकारी अजून सल्ल्यासाठी फोन करते, तर ‘तिला माझी कीव येते’. पूर्वग्रह वादविवादाने जात नाही. तो झिजतो, आणि झिजायला त्याला न जुळणारे अनुभव परत परत यावे लागतात. डोक्याला पटणं आणि मनाला पटणं यांतलं अंतर बहुतेकदा इथलंच असतं.

म्हणून निकाल तूर्त बाजूला ठेवा आणि एकच क्षण घ्या. समजा, मंगळवारी सकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला आणि तुम्ही तो वाजू दिलात. प्रसंग एवढाच लिहा. भावना लिहा आणि तिला ० ते १०० मध्ये आकडा द्या: भीती ८५, लाज ७०. मग त्या दहा सेकंदांत मनात काय काय आलं ते सुटं करा. ‘का सोडलं विचारतील’, ‘मी त-त-प-प करेन’, ‘त्यांना आधीच कुठूनतरी कळलेलं असणार’, ‘एवढंही जमत नाही मला’. यातला कोणता विचार सगळ्यात तापलेला आहे? काम त्याच्यावर करायचं. समजा, तो ‘त्यांना आधीच कळलेलं असणार’ हा निघाला. आता त्या विचाराच्या बाजूचे पुरावे लिहा, पण फक्त असे की जे तिसऱ्या माणसाला दाखवता येतील. ‘मला तसं वाटतं’ हा पुरावा नाही. मग विरुद्ध बाजू: फोन करणाऱ्याकडे माझा रिझ्युमे आहे, त्याने स्वतःहून नंबर फिरवला, आधीच्या कंपनीत तो कुणाला ओळखतो असं मला कुठूनही कळलेलं नाही.

शेवटच्या, म्हणजे पर्यायी विचाराच्या, रकान्यात बहुतेक लोक घोषणा लिहितात: ‘मी सक्षम आहे, मी हे करू शकतो.’ कृपा करून असं काही लिहू नका. २००९ मध्ये जोअन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला एक प्रयोग आहे. स्वतःबद्दलचं गोड वाक्य घोकल्यावर ज्यांचा आत्मसन्मान आधीच कमी होता त्यांना आणखी वाईट वाटलं. मला यात आश्चर्य वाटत नाही, वाक्य जितकं चढं तितकं मन त्याला आतून ‘खोटं’ म्हणतं. लिहिण्यासारखं वाक्य असं असतं: ‘का सोडलं हे ते विचारतील, बहुतेक सगळेच विचारतात. मी थोडं अडखळेनही. पण त्यांना सगळं ठाऊक आहे असं मानायला माझ्याकडे आधार नाही.’ या वाक्यावर स्वतःचा विश्वास किती तेही ० ते १०० मध्ये लिहा. पन्नासच्या खाली असेल तर वाक्य आणखी खाली, आणखी रुक्ष आणा. भीती ८५ वरून ६० वर आली तर मी ती बैठक यशस्वी मानते. दहावर यायला हवी अशी अपेक्षा ठेवूनच बरेच जण तक्ते फाडून टाकतात.

आता तुमच्या खऱ्या चुकांकडे. इथे मी जबाबदारीचं वर्तुळ वापरते. कागदावर एक गोल काढा. प्रोजेक्ट रखडण्याला हातभार लावणाऱ्या सगळ्या गोष्टींची यादी करा आणि स्वतःचं नाव शेवटी लिहा. क्रम महत्त्वाचा आहे, स्वतःपासून सुरुवात केली तर तुम्ही शंभर टक्के वाटून मोकळे व्हाल आणि इतरांना जागाच उरणार नाही. तुम्ही लिहिलंय त्यावरून यादी साधारण अशी होईल: मधेच दोनदा बदललेल्या मागण्या, सोडून गेलेल्या दोन अनुभवी सहकाऱ्यांच्या जागी कुणीच न देणं, सुरुवातीपासून अवास्तव असलेली मुदत, वरिष्ठांनी आढावा बैठका पुढे ढकलत राहणं. प्रत्येकीला तिचा वाटा द्या. उरलेला तुमचा. तो तीस टक्के निघेल, पन्नास निघेल. नेमक्या आकड्याला मी फार किंमत देत नाही. पण तो शून्य निघाला तर मी समोरच्याला यादी पुन्हा करायला सांगते. शून्य जबाबदारीचं समाधान पहिल्याच इंटरव्ह्यूत कोसळतं.

तुमच्या वाट्याला आलेला तुकडा मग उलगडून लिहायचा. लिन एब्रॅमसन, मार्टिन सेलिग्मन आणि जॉन टीसडेल यांनी १९७८ मध्ये मांडलेला एक विचार इथे उपयोगी पडतो. वाईट घटनेचं कारण माणूस स्वतःत शोधतो, ते कायमचं मानतो आणि आयुष्यात सगळीकडे लागू करतो, तेव्हा तो हताश होतो. ‘मी नालायक आहे’ यात तिन्ही आहेत. ‘मुदत पाळता येणार नाही हे दिसत असूनही मी सहा आठवडे कुणाला सांगितलं नाही, कारण मदत मागणं मला कमीपणाचं वाटलं’ यात दोष तुमचाच आहे, पण तो एका सवयीपुरता आहे आणि सवय बदलता येते. हे वाक्य वाचताना टोचेल. टोचू द्या. त्यातून पुढचा प्रश्न निघतो: यापुढे धोका दिसल्यावर किती दिवसांत, कुणाला, कोणत्या शब्दांत सांगायचं? हे उत्तर लिहून काढणं म्हणजे थेरपी नव्हे, कामाची तयारी आहे. पण लाजेवरचा सगळ्यात चांगला उतारा मला तरी हाच दिसलाय.

मघाशी ज्या मधल्या थराचा, नियमांचा, उल्लेख केला त्याच्यापर्यंत पोचायची एक पद्धत आहे. तापलेला विचार घ्यायचा आणि विचारायचं, ‘असं झालंच, तर त्याचा माझ्याबद्दल काय अर्थ होतो?’ आलेल्या उत्तराला पुन्हा तोच प्रश्न. तीन-चार पायऱ्यांत नियम हाती लागतो. ‘मदत मागावी लागली म्हणजे मी त्या पदाला योग्य नव्हतोच’ असा काहीसा. हे रात्री एकट्याने करू नका. खाली उतरायला सोपं असतं, वर यायला कुणीतरी सोबत लागतं. नियम सापडला की त्याला खोडण्याच्या आधी विचारा की त्याने आजवर काय काय दिलं. बहुधा खूप दिलेलं असतं. याच नियमाने तुम्हाला लीड केलं असेल. आता त्याची किंमत किती मोजावी लागतेय, आणि थोडा सैल केला तर तो कसा दिसेल, यावर बोलता येतं.

‘नालायक’ या शब्दाला मी क्वचितच थेट हात घालते, पण घालते तेव्हा पट्टी वापरते. एका टोकाला ०, दुसऱ्या टोकाला १०० टक्के लायक लीड. आता शून्यावरचा माणूस वर्णन करा: कामावर येत नाही, टीमशी खोटं बोलतो, दुसऱ्याचं श्रेय लाटतो, काहीच शिकत नाही. त्याच पट्टीवर, एकेका निकषावर स्वतःला ठेवा. या टप्प्यावर माणसं बरेचदा स्वतःशीच हसतात. कारण पट्टी काढेपर्यंत त्यांच्या मनात फक्त दोनच खुणा होत्या.

आता तुमच्या मूळ तक्रारीवरचा माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा भाग. तुम्ही फोन उचलत नाही. दर वेळी न उचलल्यावर क्षणभर सुटल्यासारखं वाटतं, आणि मन त्यातून शिकतं की फोन धोकादायक होता. पाच महिन्यांत धारणेला न जुळणारा एकही नवा अनुभव आत आलेला नाही, कारण दारच बंद आहे. तक्ते कितीही चांगले भरलेत तरी ते जुन्याच मालावर चालणार. म्हणून प्रयोग करायचा, आणि तो प्रयोगासारखा करायचा. आधी भाकीत लिहा: ‘का सोडलं असं विचारल्यावर मी गप्प होईन आणि समोरचा फोन ठेवून देईल. शक्यता ८०.’ राजीनाम्याबद्दल दोन वाक्यांचं खरं, लहान उत्तर तयार ठेवा. मग एका फोनला परत फोन करा, शक्यतो अशा नोकरीसाठी जी तुम्हाला फारशी नको आहे. लगेच नंतर काय घडलं ते भाकिताशेजारी लिहा.

दोन गोष्टी जपा. भाकीत ‘नोकरी मिळेल की नाही’ याबद्दल नसावं. ते तुमच्या हातात नाही, आणि नकारातून तुमच्या लायकीबद्दल फारच थोडं कळतं. भाकीत तुमच्या भीतीबद्दल असावं. दुसरं म्हणजे कुबड्या ओळखा. पाच मिनिटं लांबलचक स्पष्टीकरण देणं, सगळं कागदावरून वाचणं, आधीच्यापेक्षा दोन पायऱ्या खालच्या पदांसाठीच अर्ज करणं. या कुबड्या घेऊन फोन चांगला गेला तर मन श्रेय कुबड्यांना देतं. एकेक करून त्या सोडायच्या. प्रयोग वाईट गेला तर? जातोही कधी. समोरचा खरंच तुटक बोलू शकतो. मग लिहायचं, भाकितातलं किती घडलं, जे घडलं ते सोसवलं का, आणि तासाभराने मी काय करत होतो. ‘अडखळलो आणि संध्याकाळी दुसरा अर्ज पाठवला’ ही नोंद मला चांगल्या इंटरव्ह्यूइतकीच मोलाची वाटते.

तुम्ही दिवसाचा बराच वेळ अंथरुणात असाल आणि फोन फारच लांबचा वाटत असेल, तर विचारांचं काम सध्या राहू दे. नील जेकबसन यांच्या गटाने १९९६ मध्ये नैराश्याच्या कॉग्निटिव्ह थेरपीचे भाग वेगवेगळे करून पाहिले. त्यात नुसता कृतीवर भर देणारा भाग संपूर्ण थेरपीच्या तोडीचा ठरला. म्हणजे उठण्याची वेळ ठरवणं, रोज एक काम पुरं करणं, एक गोष्ट आवडीची करणं, एका माणसाला भेटणं. मूड येण्याची वाट न बघता, वेळ झाली म्हणून.

तक्त्यांबद्दल आणखी एक सावधगिरी. ‘माझ्याच बाबतीत असं का झालं’ हा प्रश्न तक्त्यात शिरला की तक्ता म्हणजे उगाळण्याचा आणखी एक बहाणा होतो. वीस मिनिटांचा गजर लावा. संपल्यावर शेवटच्या रकान्याखाली एक लहानशी कृती लिहा आणि उठा. कृती सुचत नसेल तर तेवढ्यापुरता तो विचार अर्धवट सोडला तरी चालतो.

आतापर्यंतचं थोडक्यात: निकाल बाजूला ठेवून एक क्षण घ्यायचा, चुकीचा आपला वाटा मोजून त्याचं सवयीत भाषांतर करायचं, आणि धारणेला वादाने नव्हे तर टाळलेल्या गोष्टी करून नवे अनुभव द्यायचे.

हे सगळं एकट्याने होईल का? काहींचं होतं. पण जी धारणा नोकरीच्या आधीपासून, शाळेपासून किंवा घरातून सोबत आलेली आहे तिच्यासाठी थेरपिस्ट हवा. तुमच्या प्रश्नात ‘वडील नेहमी म्हणायचे तेच खरं ठरलं’ असं एक वाक्य ओझरतं येऊन गेलंय, त्यामुळे तुम्हाला तो लागेल असं मला वाटतं. नैराश्यासाठी सीबीटीची साधारण १२ ते २० सेशन्स होतात, जुनी धारणा असेल तर जास्तही. पहिल्या भेटीत बिनधास्त विचारा: दोन सेशन्सच्या मधे मला काय काम द्याल, आणि उपयोग होतोय हे आपण कशावरून ठरवायचं? या दोन्हींची सरळ उत्तरं मिळाली नाहीत तर दुसरीकडे चौकशी करा. जाताना पाच महिन्यांचे तक्ते सोबत न्या, न जमलेले आधी. कुठे अडलं हे त्यांतून ज्या वेगाने कळतं तसं नीट भरलेल्या तक्त्यांतून कळत नाही.